शेवंताकाकूंची सुई

खोकल्यानं कोणी मरत नाही, असं मला एका शहाण्या माणसानं सांगितलं होतं. त्याला चार दिवस आमच्या शेवंताकाकूंच्या शेजारी राहायला पाठवायला पाहिजे होतं. मग बघितलं असतं, कसा बोलतो ते.

वरठीच्या शाळेत मास्तरीण म्हणून मी आले, तेव्हा त्यांच्या बाजूचीच खोली भाड्यानं घेतली. मधली भिंत एका विटेची. त्यांच्या घरची फोडणी माझ्या नाकात आणि माझ्या घरचं फोनवरचं भांडण त्यांच्या कानात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर थाप मारून विचारलं होतं, "कोनासंग लढून राहिली वो? जेवली का नाई तू? रिकाम्या पोटी लढाचं नाई, हारतो मानूस." आणि वाटीभर पोपटीच्या शेंगांची उसळ घेऊन दारात उभ्या. उंच, काटक बाई. हात सुपाएवढे मोठे. नवरा रेल्वेत गँगमन होता, रिटायर होऊन घरी बसलेला. त्यांना सगळे काकाजी म्हणायचे.

आमच्या वस्तीत कोणी मेलं की घरच्या पाहुण्यांच्या आधी काकूंना निरोप जायचा. त्रिशरण-पंचशील म्हणावं तर शेवंताबाईनं, असं ठरूनच गेलं होतं. विहारातली रविवारची वंदना त्याच घ्यायच्या, लग्नात कोणी बोलावलं तरी जायच्या. पण त्यांचा खरा मान मयतीला. सासऱ्यांकडून शिकल्या होत्या. पांढरं लुगडं नेसून उभ्या राहिल्या की रडणाऱ्या बाया आपोआप गप्प व्हायच्या. आवाज गोड नव्हता हो, उगाच खोटं कशाला सांगू. जाड होता, पण शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळायचा. एकदा एका पोरानं बापाच्या मयतीत भराभर म्हणायला सुरुवात केली, तर काकूंनी सगळ्यांदेखत त्याला थांबवलं. म्हणाल्या, "हळू म्हन बाप्पा. त्याले आता कोनती गाडी पकडाची आहे?"

मग तापाची साथ आली. घरोघरी आला आणि गेला. काकूंचा तापही गेला, खोकला तेवढा राहिला.

सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. अडुळसा झाला, लवंग भाजून झाली, कोणी काळ्या कोंबडीचा रस्सा सांगितला तोही झाला. कोंबडी आम्ही दोघींनी मिळून खाल्ली, खोकला जागच्या जागी. मग थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, पुन्हा थुंकी तपासली. टीबी नाही. दमा नाही. फुफ्फुसं धुतल्यासारखी साफ. आणि बाई तर खोकून खोकून काळीनिळी पडायची. फोडणी दिली की खोकला, अगरबत्ती लावली की खोकला, गार वारं लागलं की खोकला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोललं की खोकला. चार वाक्यं नीट निघायची आणि पाचव्याला घशात केस अडकल्यासारखं व्हायचं. मग तळहात वर करून समोरच्याला थांबवायच्या आणि भिंत धरून खोकत राहायच्या.

त्या खोकल्याला त्या सवत म्हणायच्या. "थांब, आली सवत." काकाजींना तोवर लकवा झाला होता, उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली, पण थट्टा गेली नव्हती. खाटेवरून म्हणायचे, "मी त एकच आनली होती. हे दुसरी कुठून आली वो?" काकू हसायच्या, आणि हसलं की पुन्हा खोकला.

आणखी एक गोष्ट आहे. बाया ती बोलत नाहीत, म्हणून मीच बोलते. खोकल्याची उबळ जोराची आली की काकूंना लघवी आवरायची नाही. साठीच्या बाईला बाळासारख्या घड्या घ्याव्या लागत होत्या. जुन्या लुगड्याचे तुकडे घरातल्या घरात दोरीवर वाळायचे, बाहेर तारेवर नाही. मला ते कळलं हे त्यांनाही कळलं, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही. फक्त माझ्याकडची जुनी सुती साडी मी एकदा त्यांच्या दारात ठेवली आणि त्यांनी ती उचलली.

सिहोऱ्याला त्यांच्या एका दूरच्या दिराची मयत होती. मी सोबत गेले होते. काकूंनी सुरुवात केली आणि पंचशीलाच्या मधातच उबळ आली. थांबल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा उबळ. मयताचा पोरगा तोंडाला रुमाल लावून मागं सरकला आणि हळू नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाला, "हिले टीबी असंल त काहून आनलं लेकरायच्या मधात?" कोणीतरी दुसऱ्याला पुढं केलं. परतताना काळीपिवळी जीपमध्ये आमच्या बाजूच्या दोघी उठून मागं जाऊन बसल्या. काकू म्हणाल्या, "चाल, पाय त लांब करता येते." मला रडू येत होतं आणि ही बाई पाय लांब करून बसली होती. पण त्या दिवसापासून त्यांनी मयतीला जाणं सोडलं. रविवारी विहारातही दाराबाहेर चपलांजवळ बसायला लागल्या.

हे काकाजींना सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं. घरात पडून राहणाऱ्या माणसाला सगळंच कळतं. एकदा मी काकाजींसाठी पेज घेऊन गेले होते. काकू त्यांचं तोंड पुसत होत्या. काकाजी माझ्याकडं बघत नव्हते, बायकोकडं बघत होते. जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माह्या वक्ती तूच म्हनजो. दुसरं कोनी नाई पाह्यजे."

"मी तं म्हनीनच," काकू म्हणाल्या. "तुमी आधी जा त खरं."

बोलल्या अशा, पण चूल फुंकायला बाहेर आल्या तेव्हा माझा हात धरला. "कल्पना, मले हा खोकला काढाच लागते. कसाबी. ह्यायचं काई खरं नाई आता."

तेव्हाच भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नागपूरहून शिकाऊ डॉक्टरीण यायला लागल्याचं कळलं. नाक-कान-घशाची. मी काकूंना घेऊन गेले. पोरगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, बारीक, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. नाव रोशनी. तिनं काकूंच्या मानेवर बोटांनी चाचपलं, कंठाच्या बाजूला एका जागी दाबलं आणि काकूंना जी उबळ आली म्हणता! पोरगी एकदम खूश. मी मनात म्हटलं, काय बाई आहे ही, माणूस मरून राहिलं आणि ही हसते.

"आजी," ती म्हणाली, "तुमचं फुफ्फुस चांगलं आहे. घशाची नस बिघडली आहे. घशात काही नसलं तरी तिला वाटते काहीतरी अडकलं म्हणून."

"म्हंजे नसच लबाड बोलून राहिली," काकू म्हणाल्या.

"अगदी बरोबर!"

मग तिनं समजावलं, आणि चांगलं समजावलं, पुढं जे झालं त्यात तिची चूक नाही. नसेपाशी सुई द्यायची. पण ही सुई खरंच किती गुणाची आहे हे अजून तपासून बघणं चालू आहे, तोच तिचा अभ्यास. म्हणून अर्ध्या लोकांना औषधाची सुई आणि अर्ध्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची. कोणाला कोणती, हे पेशंटला माहीत नाही आणि तिलाही नाही. ते मोठ्या डॉक्टरांकडं पाकिटात बंद. काही आठवडे बघायचं. ज्यांना फरक पडणार नाही, त्यांना नंतर औषधाचीच सुई मिळणार, पक्की. "म्हणून आजी, खरं सांगायचं. फरक नसला तर नाही म्हणा. मला राग नाही येणार."

काकूंनी मान हलवली आणि विचारलं, "तू कोनत्या गावची, बेटा?"

लाखांदूरकडची निघाली. आपल्याच समाजाची. बापानं लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणे-कापणे करून शिकवलेली. झालं! काकूंनी तिथंच तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुई गळ्यात टोचली तेव्हा मी डोळे मिटले, काकूंनी नाही. त्या पोरीच्या हाताकडंच बघत होत्या. परतताना ऑटोत मला म्हणाल्या, "पाह्यलं का हात? जरासाबी कापला नाई. आपली पोरगी."

पहिले काही दिवस खोकला कमी झाला. खरंच झाला, मी भिंतीपलीकडून ऐकत होते. काकूंनी रात्री मोठ्यानं वंदना म्हणून पाहिली, अर्ध्यापर्यंत गेल्या. काकाजी खाटेवर डाव्या हातानं टाळी वाजवल्यासारखं मांडीवर मारत होते. पुढच्या खेपेला रोशनीनं विचारलं, "फरक आहे का, आजी?" आणि काकूंनी छाती भरून सांगितलं, "फरक आहे वो! लय फरक आहे."

पोरीचा चेहरा फुलला. तोच चेहरा काकूंना नडला.

कारण आठ-दहा दिवसांत सवत परत आली. होती तशी, उलट जास्तच. मी म्हटलं, बरं झालं, आता नाही म्हणून सांगायचं, पक्की सुई मिळते. पुढच्या तारखेला गेलो. काकूंनी आत जायच्या आधी खडीसाखरेचा खडा जिभेखाली धरला, पदर मुठीत आवळला. आत पोरीनं विचारलं.

"फरक आहे, बेटा."

एकदाही खोकल्या नाहीत. कपाळावर घाम, मानेच्या शिरा टरारलेल्या, पण नाही खोकल्या. बाहेर आलो, सायकल स्टँडपर्यंत पोचलो आणि तिथं त्यांनी खाली बसून जे खोकायला सुरुवात केली, की स्टँडवाला पाणी घेऊन धावला. मी तापले. "काकू, लबाड काहून बोलल्या तुम्ही?"

पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "पोरगी पास झाली पाह्यजे."

"अहो, तुम्हाला फरक नाही पडला तरी ती पासच होते! तिला फक्त खरं लिहायचं आहे."

"तू मास्तरीन आहेस ना? तुह्या वर्गातले पोट्टे नापास झाले त साहेब तुले काय म्हन्ते? शाबास म्हन्ते का?"

मी तरी हटले नाही. "तिनं स्वतः सांगितलं ना, राग नाही येणार म्हणून."

"असं त म्हनाच लागते. आपल्या तोंडानं कोनी म्हन्ते का, मले पास करा? आनं मी एकदा म्हटली फरक आहे म्हनून. आता कोनत्या तोंडानं नाई म्हनू? पोरगी म्हनंल, बुढी शब्दाची नाई."

मी गप्प बसणारी नाही. शेवटच्या तारखेला मी रोशनीसमोरच सांगून टाकलं, "डॉक्टर, यांचं ऐकू नका. या बाहेर जाऊन खोकतात." पोरीचा पेन थांबला. "आजी?" काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी वर्गात चोरी करताना सापडले. मग हसून म्हणाल्या, "बाहेर धूळ होती वो. हे कल्पना अशीच आहे, घाबरट. तुह्यासमोर बसली आहे ना मी? खोकली का?" नव्हत्याच खोकल्या. पेशंट सांगेल ते लिहायचं हा नियम. पोरीनं लिहिलं. औषधाची सुई ज्यांना फरक नाही त्यांना गेली, काकूंना नाही.

महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. काय बोलणार? स्वतःच्या घशावर स्वतःच कुऱ्हाड मारून घेणारी बाई. त्या मात्र आपल्या मजेत. विहाराच्या पायरीवर बायांना सांगायच्या, "आपली पोरगी मोठी डॉक्टर होऊन राहिली, माह्यावरच शिकली," आणि तेवढ्यानंच उबळ यायची.

मला वाटतं, काकाजी आणखी वर्ष-दोन वर्षं काढतील असा त्यांचा हिशेब होता. तोवर आपोआप जाईल खोकला. आजवर सगळी दुखणी अशीच गेली होती.

काकाजी त्याच थंडीत गेले. सकाळी काकू चहा पाजायला गेल्या तर अंग गार. भिंतीवर थाप आली, एकच. मी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर नेलं. त्यांचे सून-लेक रात्रीच पुण्याहून पोचले होते. आमच्यात बायाही घाटावर जातात. काकू पांढरं लुगडं नेसून सरळ उभ्या होत्या. दुसऱ्या वॉर्डातले बौद्धाचार्य पुढं आले तर त्यांना हात जोडून म्हणाल्या, "मी म्हनतो." इकडच्या बाया म्हणतो असंच म्हणतात, म्हणते नाही. कोणी अडवलं नाही. दोघांचं काय ठरलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

त्रिशरण सुरू केलं. तोच जाड आवाज, बऱ्याच दिवसांनी ऐकला. मी नखं तळहातात रुतवून उभी होते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. थंडी होती, धुकं पुरतं उठलं नव्हतं, कोणीतरी मेणबत्ती आणि अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पायथ्याशी लावला होता. तिसऱ्या ओळीला तळहात वर गेला. थांबा. सगळे थांबले. उबळ सरली, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. यावेळी एकच ओळ गेली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा शब्दच निघाला नाही, नुसता खोकला, वाकून वाकून, तिरडीचा बांबू धरून खोकला. पांढऱ्या लुगड्यावर मागून ओल पसरायला लागली. मी धावले, माझी शाल काढून त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली. लेकानं आईकडं बघितलं आणि मान फिरवली. बौद्धाचार्यांनी सुरू केलं, लोकांनी मागून म्हटलं. काकू माझ्या हातात लटपटत होत्या आणि दबक्या आवाजात एकच चाललं होतं, "मले म्हनू द्या ना. मले म्हनू द्या ना जी."

कोण म्हणू देणार? चिता पेटली.

रोशनी भेटायला आली ती काकाजींच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसांच्या कार्याच्या, दोन दिवस आधी. कोणाकडून तरी कळलं होतं तिला. सोबत केळी घेऊन आली, काकूंच्या जवळ सतरंजीवर बसली, आणि काकूंनी तिच्या गालाला हात लावला न लावला तोच उबळ आली. इथं ना खडीसाखर, ना मूठ आवळायचं बळ. पोरगी नुसती ऐकत राहिली. डॉक्टरच ती, तिला काय कळायचं राहतं?

"आजी, हा खोकला कधीपासून आहे?"

काकूंनी उलट विचारलं, "पास झाली का तू?"

"झाले."

"बरं झालं."

"आजी, पाकिटं उघडली आम्ही. तुम्हाला पाण्याची सुई होती. मला नवलच वाटलं होतं, पाण्यानं इतका फरक कसा." तिनं काकूंचा हात धरला. "तुम्ही एकदा नाही म्हटलं असतं, तर मी दिवाळीआधीच औषध दिलं असतं. आणि मी तशीही पासच झाले असते हो. नाही म्हणाल्या असत्या तरी."

काकूंनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी सांगितलं होतं, असं मी म्हणाले नाही. तेवढी मी दुष्ट नाही. काकाजींच्या रिकाम्या खाटेवर अजून गादी तशीच होती. काकू म्हणाल्या, "हो का?" एवढंच. पोरगी मात्र त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली आणि काकूच तिला थोपटत बसल्या.

औषधाची सुई तिनं पुढच्याच आठवड्यात दिली, महिन्यानं आणखी एक. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही म्हणे. काकूंना आला. खोकला उतरत उतरत गेला. बायांनी पेढे मागितले. काकूंनी कोणाला पेढे दिले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला माझी बदली लाखांदूरकडं झाली. सामान बांधून ठेवलं होतं, त्याच दिवशी स्टेशनपलीकडच्या वस्तीत एक म्हातारा गेला. घरचे काकूंना बोलवायला आले. त्या आधी नाही म्हणाल्या. मग म्हाताऱ्याची बायको स्वतः आली, पाय धरायला वाकली, तेव्हा उठल्या, लुगडं बदललं आणि निघाल्या. मीही गेले सोबत.

काकूंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. हळू, एकेक शब्द. कुठं अडखळल्या नाहीत, कुठं थांबल्या नाहीत, तळहात वर गेला नाही. शेवटच्या रांगेतही ऐकू जात होतं. झाल्यावर ती म्हातारी त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाई, लय साफ म्हटलं तुमी. माह्या मानसाचं सोनं झालं."

काकूंनी हात सोडवून घेतले आणि रस्त्याला लागल्या. मी मागोमाग. फाटक पडलेलं होतं, मालगाडी जात होती. डबे संपेपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. ऊन कडक होतं. गाडी गेली, फाटक उघडलं, सायकली-मोटारसायकली सुटल्या, तरी काकू हलेनात. मी खांद्याला हात लावला.

"कल्पना," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "लोकाच्या मानसाले म्हटलं वो मी."

मग पदर तोंडावर घेतला आणि त्या फाटकातच, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मधोमध, रुळाकाठी उभ्या राहून रडल्या.